गॉगल सर

लालबागच्या पुलाखालून भारतमाता सिनेमाच्या दिशेने एखादा पन्नाशीचा गृहस्थ काखेत रिकामे खोके मारून, दर दुकानापाशी थांबत "अजून आहेत का हो?" असं विचारत चाललेला दिसला, तर तो रद्दीवाला नव्हे. ते आमचे गॉगल सर. परिसरातले खरे रद्दीवाले त्यांना वचकून असतात. बाकीची गिऱ्हाइकं भाव विचारतात. सर पुठ्ठ्याची जाडी विचारतात आणि विश्वास नसल्यामुळे खिशातून पट्टी काढून मोजतात.

हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं आहे, पण ते आता पगाराच्या स्लिपपुरतं उरलंय. आभासी वास्तव (व्हीआर) दाखवायला मुलांच्या डोळ्यांवर जे यंत्र चढवायचं त्याला 'हेड-माउंटेड डिस्प्ले' म्हणतात, असं सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दिलं होतं. मुलांनी ते वहीत नीट उतरवून घेतलं आणि मधल्या सुट्टीत त्याचा गॉगल केला. आता चिवडा गल्लीतले दुकानदारही "गॉगल सर, दोन खोके ठेवलेत तुमच्यासाठी" अशी हाक मारतात, आणि सर ओ देतात.

असे सर प्रत्येक शाळेत एक असतात. दोन असले तर शाळेची वायरिंग टिकत नाही. पूर्वी या जातीला 'उपक्रमशील शिक्षक' म्हणत आणि त्यांचं सारं साहित्य टाकाऊतून टिकाऊ असे. २०१५मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, त्यामागोमाग 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द परिपत्रकांतून फिरू लागला. सरांनी तो वाचला आणि आपण जन्मापासून कोण होतो, याचा त्यांना अखेर उलगडा झाला.

शाळेचं नाव सांगत नाही. परळ आणि लालबागच्या मधली, अनुदानित, मराठी माध्यमाची, एवढं पुरे. मी तिथे मराठी शिकवतो. माझ्या विषयाला वीज लागत नाही, म्हणून सरांना माझी कीव येते.

खडू मेल्याची बातमी सरांनी आम्हाला अनेकदा दिलेली आहे. ओव्हरहेड प्रोजेक्टर आला तेव्हा खडू मेला होता. सीडी आल्या तेव्हा परत मेला. पालिकेच्या शाळांत २०११च्या सुमाराला व्हर्च्युअल क्लासरूम सुरू झाल्या. स्टुडिओत एक शिक्षक बोलणार आणि शहरभरच्या वर्गांतली मुलं पडद्यावर ऐकणार. मग २०१५च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने आठवीच्या मुलांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. त्या दिवशी सर शेजारच्या पालिका शाळेच्या फाटकाशी बराच वेळ उभे होते. परत आल्यावर म्हणाले, "त्यांच्याकडे टॅब आले, आणि आपल्याकडे अजून डस्टर शोधायला मुलगा पाठवावा लागतो." डस्टर त्यांच्याच टेबलावर होतं. प्रोजेक्टरचं तोंड वर करायला त्यांनीच ते टेकू म्हणून लावलं होतं.

२०२०मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचं 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. शिक्षकखोलीत आम्ही सगळे डॉलरचे रुपये करत होतो. सर एकटे क्यूआर कोडबद्दल बोलत होते. पुस्तकातल्या छापील चौकोनावर फोन धरला की धडा बोलायला लागतो, ही गोष्ट लालबागच्या आधी परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत घडली, हे त्यांना फार लागलं. "तिथे तर इलेक्ट्रॉनिक सामानाला लॅमिंग्टन रोडसुद्धा नाही," ते म्हणाले.

या सगळ्याचं मूळ वरळीत आहे. नेहरू तारांगण १९७७च्या मार्चमध्ये सुरू झालं आणि पुढे काही वर्षांत प्राथमिक शाळेच्या सहलीतून सर तिथे गेले. डिलाइल रोडच्या चाळीतला, दहा बाय बाराच्या खोलीतला मुलगा. त्याच्या गॅलरीतून दिसायचं ते आकाश समोरच्या चाळीच्या पत्र्यापाशी संपायचं. तारांगणात दिवे मालवले, घुमटावर तारे उगवले, बाकीची पोरं शिट्ट्या मारत सुटली आणि हा खुर्चीचे हात घट्ट धरून बसला, कारण त्याला वाटलं आपण वर पडणार. "बाहेर आलो तर ऊन होतं, बेस्टची बस उभी होती, आणि मला दोन्ही खोटं वाटलं," असं सर सांगतात. नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक शिक्षकाला ते हे सांगतात. एका शिक्षणसेवक मुलीने "मग सर, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलंत का?" असं काळजीने विचारलं होतं.

तर २०१४ साली गूगलने कार्डबोर्ड काढलं. पुठ्ठ्याची एक घडी, तिच्यात दोन बहिर्वक्र भिंगं आणि पुढच्या खोबणीत मोबाइल. पडद्यावर एकच दृश्य दोनदा दिसतं, किंचित वेगळ्या कोनातून. डावं डाव्या डोळ्याला, उजवं उजव्याला. मेंदू दोन्ही जुळवतो आणि सपाट चित्राला खोली येते. तत्त्व जुनंच, १८३८मध्ये चार्ल्स व्हीटस्टोन यांनी मांडलेलं. पण सरांचं मन जडलं ते पुठ्ठ्यावर. अमेरिकेतून आलेली आणि तरीही रद्दीच्या भावात बसणारी क्रांती त्यांना आयुष्यात प्रथमच भेटत होती.

भिंगं लॅमिंग्टन रोडवरून आली, पुठ्ठा लालबागचा. काही खोके चिवड्याचे, बरेचसे मसाला बाजारातले. पहिला प्रयोग समुद्राच्या तळाचा होता. पहिल्या बाकावरच्या मुलीने डबा डोळ्यांना लावला, प्रवाळ पाहिलं, कासव पाहिलं आणि तिला सटासट शिंका सुरू झाल्या.

"सर, समुद्रात मालवणी मसाल्याचा वास येतोय."

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. सर हरखले. १९६२मध्ये मॉर्टन हायलिग या अमेरिकनाने 'सेन्सोरामा' नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. त्यात चित्राबरोबर वारा आणि वासही सोडण्याची सोय होती. "त्याला त्यासाठी वेगळं यंत्र बसवावं लागलं," सर आम्हाला म्हणाले. "आपल्याकडे ते पुठ्ठ्यातच आलं."

मान वळवली की चित्रानेही वळलं पाहिजे. त्यासाठी फोनमध्ये जायरोस्कोप लागतो, आणि स्वस्त फोनांतून तो बरेचदा गाळलेला असतो. झालं, सर शिक्षकखोलीत एकेकाजवळ जाऊन खालच्या आवाजात विचारू लागले, "तुमच्यात जायरो आहे का?" गणिताच्या बाई म्हणाल्या, "आमच्यात पत्रिकेशिवाय काही बघत नाहीत." पीटीचे सर म्हणाले, "होता. ऑपरेशन करून काढला." माझ्यात तो निघाला, आणि तेव्हापासून बुधवारी, सरांच्या प्रयोगाच्या तासाला, माझा फोन माझा राहिला नाही. एकदा एक मुलगा निळ्या देवमाशाच्या पोटाखाली तोंड वर करून उभा असताना त्या पोटावर माझ्या बायकोचा निरोप उमटला: 'येताना कोथिंबीर आणा आणि तुमच्या बहिणीला सांगा मी काहीही बोललेले नाही.' मुलगा वाचनात हुशार आहे, ते माझंच श्रेय. त्याने ते खणखणीत आवाजात वाचलं. पुढे बरेच दिवस नववी 'ब'ची मुलं मला आत्यांची खुशाली विचारत होती.

गूगलने शाळांसाठी २०१५मध्ये 'एक्स्पिडिशन्स' आणलं होतं. शिक्षकाने हातातल्या टॅबवर बोट ठेवायचं की अख्खा वर्ग एकदम माचू पिचूला. सरांनी रीतसर अर्ज केला. अर्ज संस्थेकडे गेला, संस्थेने तो उपसमितीकडे दिला, उपसमितीने शिफारस केली, शिफारशीवर ठराव झाला आणि ठरावाची प्रत शाळेत पोचली तेव्हा टाळेबंदी लागून मुलं घरात बसली होती. वर्ग पूर्ववत भरायच्या आत, २०२१च्या जूनअखेर, गूगलने ते ॲपच बंद केलं. पुठ्ठ्याचे चष्मे विकणंही त्याच वर्षी थांबवलं. आपली शाळा बंद पडेल ही धास्ती आम्ही उशाशी घेऊनच झोपतो, पण गूगलचं काही बंद पडू शकतं हे सरांच्या ध्यानीमनी नव्हतं. बराच वेळ गप्प बसून त्यांनी मला विचारलं, "पटसंख्या कमी पडली असेल का हो त्यांची?"

मग माजी विद्यार्थी धावून आले. स्नेहमेळाव्यात एका बॅचने विचारलं, "सर, शाळेला वॉटर कूलर देऊ की व्हीआरचा हेडसेट?" सरांनी उत्तर द्यायला श्वास घेण्याइतकाही वेळ लावला नाही. मुलं अजून पाणी घरून आणतात.

हेडसेट खरा, परदेशी, फोनची गरज नसलेला. पण एकच. वर्गात ४० मुलं, तासिका ३५ मिनिटांची. हजेरीत काही मिनिटं जातात. पट्टा आवळा, कोणाची रिबीन अडकली ती सोडवा, कोणाचा चष्मा आत मावत नाही, मग भिंगं पुसा, सॅनिटायझर वाळू द्या. एका तासिकेत पाच-सहा मुलं इजिप्तला जाऊन येतात, बाकीची लालबागातच. एक जण पिरॅमिड बघत असतो आणि उरलेले ३९ जण त्याला बघत असतात. पैसे मोजून बघावं असं हे दुसरंच. एरवी कबड्डीत कोणाला हात लावू न देणारा दांडगा मुलगा दरीच्या कडेला आल्याबरोबर "मामा, धरा!" असं किंचाळून शिपाईमामांच्या कमरेला मिठी मारतो. वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी अदृश्य उंटाला "सरक की मेल्या" म्हणते. सर प्रोजेक्टरवर पिरॅमिड दाखवायची सोय करतात, पण तिकडे कोणाचं लक्ष नसतं.

उलटीचा प्रश्न वेगळा. डोळे सांगतात तू धावतोयस, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो तू बसलायस. या भांडणाचा निकाल पोटात लागतो, आणि तास मधल्या सुट्टीनंतरचा असला तर निकाल बाहेरही येतो. मामा बादली घेऊन दाराशी उभे असतात. उलटी झालेल्या एका मुलाच्या नोंदवहीत सरांचा शेरा असा होता: 'विद्यार्थ्याने अनुभवास उत्कट प्रतिसाद दिला.' तेरा वर्षांखालच्या मुलांना हे यंत्र देऊ नका, असं कंपनीचंच म्हणणं होतं, म्हणून सातवीपर्यंतचे वर्ग सुरक्षित होते. २०२३मध्ये मेटा कंपनीने ही अट पालकांच्या देखरेखीखाली दहा वर्षांपर्यंत खाली आणली. सरांनी ती बातमी कापून सूचनाफलकावर लावली. मामांनी त्याच दिवशी दुसरी बादली मागितली.

हेडसेटच्या वजनाने मुलांच्या माना दुखतात, अशी तक्रार आली तेव्हा सरांनी १९६८ काढलं. आयव्हन सदरलंड यांनी त्या वर्षी अमेरिकेत असं पहिलं यंत्र केलं. ते इतकं अवजड होतं की छताला टांगावं लागे, आणि माणूस खाली उभा राहून त्यात डोकं घाली. सरांची नजर हळूहळू वर गेली. मामांनी ती ओळखली. "त्या हुकाला पंखा आहे," ते म्हणाले, आणि तो विषय संपला.

सरांचं इतिहासाचं व्याख्यान मात्र ऐकण्यासारखं असतं. ते सिलिकॉन व्हॅलीपासून सुरू होत नाही, कल्याणपासून होतं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२मध्ये 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले: काचेवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, समोर पडदा, आणि चित्रांतली माणसं हलतायत असा भास. मग दादासाहेब फाळके गिरगावातल्या तंबू-थिएटरात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघतात, त्यांना पडद्यावर कृष्ण दिसू लागतो, आणि ३ मे १९१३ला गिरगावातच कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागतो. इथपर्यंत सगळं खरं आहे. यापुढे सर "आणि त्यानंतर..." म्हणून जरा थांबतात आणि आपल्या हेडसेटकडे पाहतात. मधल्या शंभरएक वर्षांत जगात काय झालं, ते अभ्यासक्रमाबाहेरचं.

तुम्ही विचाराल, हे सगळं मुख्याध्यापिका बाई चालवून कसं घेतात? उत्तर फाटकावरच्या फलकात आहे. चाळी पडल्या, टॉवर उठले, आमची मुलं विरार-बदलापूरला गेली आणि टॉवरमधली मुलं आमच्याकडे येत नाहीत. दरवर्षी पटावरून शिक्षकांची संख्या ठरवणारी संचमान्यता येते आणि आमच्यातलं कोणीतरी 'अतिरिक्त' ठरतं. तेव्हा बाईंनी मोठा फलक लावला, 'परिसरातील व्हीआर लॅब असलेली मराठी शाळा'. लॅब म्हणजे जुन्या शिवणकामाच्या खोलीतलं एक कपाट. फलक वाचून एक आई आत आल्या आणि त्यांनी विचारलं, "व्हीआर म्हणजे सेमी-इंग्लिश का?" बाई एक क्षण थांबून म्हणाल्या, "त्याच्या पुढचं." मुलाचा प्रवेश झाला.

तपासणीला एक साहेब आले होते. सरांनी त्यांना खुर्चीत बसवून हेडसेट चढवला आणि थेट पिरॅमिडच्या आत, राजाच्या दफनखोलीत नेऊन सोडलं. साहेबांनी मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, वर छताकडे पाहिलं. साडेचार हजार वर्षांच्या त्या शांततेत ते म्हणाले, "खरेदीला तीन कोटेशनं घेतली होती का?"

देणगी आहे, असं सांगितल्यावर देणगीची पावती मागितली. पावती वॉटर कूलरच्या नावाने फाडलेली होती. तो तपशील मी इथेच सोडतो.

सरांना हसताना मी एका जागी मात्र अडतो. भायखळ्याची राणीची बाग आमच्या शाळेपासून बसने दोन-चार थांबे. तिथे पेंग्विन आहेत, शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ सालचं, जुन्या मुंबईच्या माणसांचे आणि धंद्यांचे मातीचे नमुने असलेलं. पण मुलांना तिथे न्यायचं तर वरिष्ठ कार्यालयाची पूर्वपरवानगी, प्रत्येक पालकाचं संमतीपत्र, बसची कागदपत्रं, मुलींसोबत शिक्षिका, प्रथमोपचार पेटी आणि मुख्याध्यापिकांचं हमीपत्र. गेल्या खेपेला सगळं जमलं तोवर परीक्षा आली. इजिप्तला जायला यातलं काहीच लागत नाही. त्यामुळे आमच्या शाळेत इजिप्त बघितलेली मुलं भायखळा बघितलेल्या मुलांपेक्षा जास्त आहेत. सरांनी एकदा अंटार्क्टिका दाखवली. पेंग्विनांचा थवा आला तेव्हा एक मुलगा म्हणाला, "सर, आपल्या राणीच्या बागेतले वेगळे आहेत, ते हम्बोल्ट. ते दक्षिण अमेरिकेतले, पाटीवर लिहिलंय." तो रविवारी मामाबरोबर गेला होता. सरांनी त्याचं कौतुक केलं आणि विचारलं, "तू तिथे व्हिडिओ काढलास का?"

गणपतीत तर सरांचा कस लागतो. गणेश गल्लीचं मंडळ १९२८चं, देशातल्या नामांकित देवळांच्या भव्य प्रतिकृती उभारण्यात त्यांचा हातखंडा. लालबागचा माणूस लहानपणापासून रांगेत उभा राहून दक्षिणेतल्या देवळात शिरतो आणि मागच्या गल्लीतून चिवड्याच्या वासात बाहेर पडतो. त्याला नव्याने काय आभास दाखवणार? सर मात्र गोल कॅमेरा काठीला लावून त्या रांगेत उभे राहिले. पुढच्या बुधवारी, त्याच गल्लीत राहणाऱ्या मुलाने, शाळेत बसून, डोळ्यांवर पट्टा आवळून, प्लास्टरच्या देवळाच्या चित्रात प्रवेश केला. सरांनी विचारलं, "काय दिसतंय?" तो म्हणाला, "बाबा. स्वयंसेवकाचा बिल्ला लावून. तुम्हाला मागे व्हा म्हणतायत."

गणिताच्या बाई वाचणाऱ्या आहेत. त्यांनी २०१९चा एक अभ्यास शोधून आणला. गुइडो माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेचा एकच पाठ काहींना साध्या संगणकावर, काहींना हेडसेटमधून दिला. हेडसेटवाल्यांना आपण प्रत्यक्ष तिथे आहोत असं जास्त वाटलं, पण ते शिकले कमी. बाईंनी कागद सरांपुढे ठेवला आणि चहा प्यायला सुरुवात केली. सरांनी तो दोनदा वाचला.

"बाई, आपल्या वर्गात मुलं प्रत्यक्ष असतात, तरी आपण तिथे आहोत असं त्यांना वाटत नाही. याने निदान तेवढं तर होतंय."

बाईंचा चहा गार झाला. सरांशी वाद घालण्यातली अडचण हीच आहे, मधूनच ते बरोबर असतात.

आता ताजी गोष्ट. आठवीच्या इतिहासात औद्योगिक क्रांती येते. सरांनी कुठूनसं एक परदेशी ॲप मिळवलं, त्यात एकोणिसाव्या शतकातली विलायती कापडगिरणी होती. आत फिरता येतं, साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, रांगेतून चालता येतं. काळाचौकी, करी रोड, चिंचपोकळी इथल्या मुलांना मँचेस्टरची गिरणी. एक मुलगी म्हणाली, "सर, आमचे आजोबा होते मिलमध्ये."

"हो, पण हे ऑथेंटिक आहे," सर म्हणाले.

मुलीने ते घरी सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी आजोबा नातीला न्यायला तासभर आधीच आले. साताऱ्याकडचे, पंचाहत्तरीच्या घरातले. साचाखात्यात उमेदीची वर्षं काढलेली, १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हे अडीच लाखांतले एक, परत साच्यावर गेलेच नाहीत. "दावा की आम्हाला बी," म्हणाले. सरांना एवढा उत्सुक विद्यार्थी शाळेत पूर्वी मिळाला नव्हता. टोपी काढून हेडसेट चढला. आजोबा चार पावलं चालले, उजवा हात हवेत एका ठरावीक उंचीवर जाऊन थांबला, आणि मग म्हणाले, "गिरणी बंद हाय व्हय?"

"नाही हो, चालू आहे. साचे हलतायत बघा."

"मग आवाज?"

सरांनी आवाज वाढवला.

"आजून."

"आजोबा, एवढाच आहे. फुल केलाय."

"मग बंदच हाय म्हना की." त्यांनी मान फिरवली. "साच्यावर मानसाचं बोलनं ऐकू यायचं न्हाई. हातानं सांगायचं समदं. घरला गेलं तरी मी वरडूनच बोलायचो, बायकूला वाटायचं भांडतोय." मग ते वाकले, बारकाईने काहीतरी पाहिलं. "ह्यो साचा हाय का देव्हारा? कुनी पुसून ठेवलाय येवढा? कापूस कुठं हाय उडालेला? ही पोरं कामावर हायती आन् डोक्यावर कापूस न्हाई? घाम न्हाई कुनाला. आत वाफ सोडत्यात, मास्तर, धागा तुटू ने म्हनून. मानूस भिजला तर चालंल, धागा वाळला न्हाई पायजे. आन् दोन साच्यांच्या मधी येवढी जागा? हितनं वरात जाईल."

वर्ग चिडीचूप. सर भराभरा टिपून घेत होते.

"जॉबर कुठं हाय?"

"जॉबर... दाखवलेला नाही."

"मग हेंला कामाला लावलं कुनी?"

तास संपला तरी कोणी उठलं नाही. हेडसेटची बॅटरी मधेच कधीतरी गेली होती आणि आजोबा तो कपाळावर सरकवून बोलतच होते. पुढे मुलांनी विचारायला सुरुवात केली, धोटा उडून कोणाला लागायचा का, पगार किती, रात्रपाळीत झोप लागली तर काय. दारात उभा राहून मी सरांना म्हटलं, "दर बुधवारी यांनाच बोलावलं तर?"

सरांचे डोळे चमकले. "उत्तम कल्पना. एकदा यांचं थ्री-सिक्स्टी शूट करून घेतो, म्हणजे परत बोलवायची गरज नाही."

आणि मग सरांनी त्या परदेशी कंपनीला पत्र लिहायला घेतलं. इंग्रजीच्या बाईंना बसवलं, आजोबा शेजारच्या खुर्चीत. सरांनी वर 'सूचना' असं लिहिलं होतं, आजोबांनी ते खोडायला लावून 'मागण्या' करून घेतलं. एक, आवाज वाढवावा. दोन, हवेत कापूस सोडावा. तीन, दमटपणा दाखवावा. चार, साच्यांमधलं अंतर कमी करावं. पाच, जॉबर नेमावा. पाचवी मागणी लिहिताना इंग्रजीच्या बाईंनी "नेमावा की दाखवावा?" असं विचारलं, त्यावर आजोबा म्हणाले, "आधी नेमू द्या, दिसंल आपसूक."

कंपनीचं उत्तर काही सेकंदांत आलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' सरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, मराठीत, अभिमानाने.

आजोबांनी विचारलं, "म्हंजी मंजूर का नामंजूर?"

"तसं काही नाही हो. हे आपोआप येतं. माणसाने लिहिलेलं नसतं."

"म्हंजी मालक भेटायला तयार न्हाई." आजोबांच्या चेहऱ्यावर आश्चर्य असं काही नव्हतं. त्यांनी टोपी घातली, नातीचं दप्तर खांद्याला लावलं. दर दोन-तीन दिवसांनी ते आता फाटकाशी येतात, मामांना हात करतात आणि सर दिसले की आवाज देतात, साच्यावरून दिल्यासारखाच: "आलं का हो विलायतेचं?" सर नाही म्हणतात. दुसरं स्मरणपत्र गेलंय, तिसऱ्याचा मसुदा तयार आहे. परवा सरांनी विचारलं, कापसाची मागणी जरा सौम्य केली तर? हवेत थोडासाच, एका कोपऱ्यात?

"ते जमायचं न्हाई," आजोबा म्हणाले. "आन् त्येंचा युनियनवाला कोन हाय ते बगा आधी. गिरनीतली पोरं बी कायतरी म्हनत असतीलच की."